जुन्नर : व्यापारी वाटेवरचे प्राचीन नगर



भिगवणचा जलाशय तुमच्या रोजच्या पाहण्यातला आहे. हिवाळ्यात या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. ते पाहण्यासाठी कुंभारगाव आणि डिकसळ येथे लांबून माणसे येतात. उन्हाळ्यात पाणी फारच आटले, तर पळसदेवचे जुने देऊळ पाण्याबाहेर दिसू लागते. ते दिसले की गावातील वडीलधारी माणसे जुन्या गावाच्या आठवणी सांगतात. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली भीमाकाठची कितीतरी गावे गेली.

पण हे पाणी येते कोठून? ते येते भीमा नदीतून. भीमेला घोड नदी मिळते आणि घोड नदीला कुकडी मिळते. या कुकडी नदीच्या काठी, आपल्याच पुणे जिल्ह्यात, एक फार प्राचीन नगर आहे. त्याचे नाव जुन्नर. म्हणजे जुन्नरजवळून वाहिलेले पाणी तुमच्या भिगवणपर्यंत येते. आज आपण पाण्याच्या उलट दिशेने त्या नगरापर्यंत जाऊ या.

नाव आणि ठिकाण

जुन्नर हे पुण्याच्या उत्तरेस सुमारे ९५ किलोमीटर अंतरावर आहे. नारायणगाववरून तेथे जाता येते. 'जीर्णनगर' किंवा 'जुने नगर' या नावावरून 'जुन्नर' हे नाव झाले, असे मानतात. गावाच्या चारही बाजूंना डोंगर आहेत. गावाला लागूनच शिवनेरी किल्ला उभा आहे. उत्तरेला लेण्याद्रीचा डोंगर, दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आणि पश्चिमेला तुळजा लेणी आहेत. आणखी पश्चिमेला गेले की सह्याद्रीचा कडा लागतो. कड्याच्या खाली कोकण पसरलेले आहे.

येथे एवढे मोठे नगर का वसले? सुपीक जमीन आणि नदीचे पाणी ही कारणे आहेतच. परंतु खरे कारण आहे एक वाट. त्या वाटेचे नाव नाणेघाट.

नाणेघाट

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर सातवाहन घराण्याचे राज्य होते. पैठण ही त्यांची राजधानी होती. पैठणचा माल परदेशी पाठवायचा, तर तो कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांत न्यावा लागे. मध्ये सह्याद्रीची भिंत उभी होती. तेव्हा कडा फोडून, पायऱ्या खोदून आणि दगड बसवून घाट तयार करण्यात आला. बैलांचे तांडे आणि माल वाहणारी माणसे याच घाटाने चढत व उतरत असत. घाट चढून आलेल्या व्यापाऱ्याला पहिले मोठे नगर लागे, ते जुन्नर.

घाटाच्या माथ्याजवळ दगडात कोरलेला एक मोठा रांजण आहे. ये-जा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडून येथे जकात घेत आणि ती नाणी या रांजणात टाकत, असे परंपरेने सांगतात. 'जकात' हा शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या घरी 'ज़कात' म्हणजे गोरगरिबांसाठी काढलेला धर्माचा वाटा. हाच अरबी शब्द मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला मालावरचा कर. माणसांप्रमाणे शब्दही प्रवास करतात आणि नव्या गावात नवे काम करू लागतात.

घाटातच एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत एक मोठा लेख कोरलेला आहे. त्याची भाषा प्राकृत आहे. हा लेख सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा आहे. केलेल्या यज्ञांची आणि त्यांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती व नाणी यांच्या दानांची यादी त्यात आहे. ही दाने किती दिली, ते सांगण्यासाठी अंकांची चिन्हे कोरली आहेत. भारतातील अंकांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते.

या अंकांत शून्य नाही. शून्याची आणि स्थानमूल्याची पद्धत पुढे भारतात तयार झाली. ती बगदादला पोहोचली. तेथे नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मी या विद्वानाने तिच्यावर ग्रंथ लिहिला. अरबांनी हे गणित उत्तर आफ्रिकेत नेले. तेथील बुजिया या बंदरात इटलीच्या पिसा शहरातील लिओनार्दो नावाचा मुलगा ते शिकला. त्याने १२०२ मध्ये ग्रंथ लिहून ही पद्धत युरोपला समजावून सांगितली. वहीत बेरीज करताना तुम्ही जे अंक लिहिता, त्यांच्यामागे असा लांबचा प्रवास आहे.

याच लेण्यात पूर्वी सातवाहन राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. प्रत्येक मूर्तीच्या वर नाव कोरलेले होते. आज त्या मूर्ती राहिलेल्या नाहीत. वरची नावे आणि खाली पायांच्या खुणा एवढेच उरले आहे.

समुद्रापलीकडचे शहर

कल्याण आणि सोपाऱ्याहून निघालेला माल कोठे जात असे? त्यातील बराचसा मिस्रला जात असे. मराठीत आपण त्या देशाला इजिप्त म्हणतो. उत्तर आफ्रिकेतील हा देश त्या काळी रोमन साम्राज्यात होता. इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये सिकंदराने तेथे समुद्रकाठी एक शहर वसवले. त्याला अलेक्झांड्रिया म्हणतात. उर्दूत तुम्ही त्यालाच इस्कंदरिया म्हणता. तेथील दीपस्तंभ आणि ग्रंथालय जगभर प्रसिद्ध होते.

मिस्रमधील खलाशांना मोसमी वाऱ्यांचे ज्ञान होते. जुलैच्या सुमारास ते तांबड्या समुद्रातील बेरेनिके आणि मायोस हॉर्मोस या बंदरांतून निघत. नैर्ऋत्येचा वारा शिडांत भरून घेत आणि भारताच्या किनाऱ्याला लागत. हिवाळ्यात वारा उलटा वाहू लागला की परत जात. भारतातून सुती कापड, मिरी, हस्तिदंत आणि रंगीत मौल्यवान खडे जात. तिकडून मद्य, काचेच्या वस्तू, पोवळे आणि सोन्याचांदीची नाणी येत. भारतातून गेलेला माल वाळवंट ओलांडून नाईल नदीपर्यंत नेत आणि पुढे नावांतून अलेक्झांड्रियाला पोहोचवत.

पहिल्या शतकात मिस्रमधील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने या समुद्रप्रवासाची माहिती लिहून ठेवली. त्यात कल्याण, सोपारा आणि पैठण यांची नावे आहेत. याला जमिनीतूनही पुरावा मिळाला आहे. बेरेनिके येथे २०२२ मध्ये संगमरवरी बुद्धमूर्ती सापडली. तेथील उत्खननात सातवाहनांची दोन नाणीही मिळाली. ज्या राज्यातील माल नाणेघाटाने उतरत होता, त्या राज्याची नाणी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सापडावीत, ही केवढी मोठी गोष्ट आहे!

डोंगरातील लेणी

व्यापारी आले, तसे बौद्ध भिक्षूही आले. पावसाळ्यात भिक्षूंनी एका जागी राहायचे असा नियम होता. त्यांच्यासाठी डोंगरांत लेणी खोदण्यात आली. जुन्नरच्या भोवती अशी दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका गावाभोवती एवढी लेणी फारच थोड्या ठिकाणी आढळतात.

लेण्याद्रीला सुमारे तीनशे पायऱ्या चढून जावे लागते. तेथे तीस लेण्यांची रांग आहे. सहाव्या लेण्यात दगडी स्तूप आणि खांबांवर सुंदर कोरलेले प्राणी आहेत. हे लेणे कल्याणच्या सुलसदत्त नावाच्या माणसाने दान दिले, असे तेथील लेखात लिहिले आहे. त्याचे वडील हेरणिक, म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारे होते. सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती आहे. अष्टविनायकांपैकी हा एक असल्यामुळे येथे भाविकांची नेहमी गर्दी असते. तुळजा लेण्यांत एक गोल चैत्यगृह आहे. मध्ये स्तूप आणि त्याभोवती बारा खांब, अशी त्याची रचना आहे.

लेणी कोणी दिली, हे जुन्नरचे शिलालेख सांगतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. श्रेणी म्हणजे एकच धंदा करणाऱ्यांची संघटना. क्षत्रप राजा नहपान याचा अमात्य अयम यानेही टाके आणि मंडप दिला. तीन लेखांत 'यवन' दात्यांची नावे आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले लोक. त्यांतील इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनाने भिक्षूंसाठी भोजनमंडप दिला. परक्या मुलखातून आलेल्या माणसांनी येथे काय बांधले? पाण्याची आणि जेवणाची सोय. तहान आणि भूक सर्वांना सारखीच लागते, हे त्यांना ठाऊक होते.

घोड्याचा सौदागर

यानंतर कित्येक शतके गेली. १३४७ मध्ये दक्षिणेत बहामनी राज्य स्थापन झाले. जुन्नर हे त्या राज्यातील महत्त्वाचे ठाणे बनले. या काळात रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी भारतात आला. त्याने विकण्यासाठी एक घोडा आणला होता. चौलला उतरून तो जुन्नरला आला. तेव्हा पावसाळा होता. चिखलामुळे पुढे जाता येईना, म्हणून तो जुन्नरला राहिला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने जुन्नरच्या खडकावरील किल्ल्याबद्दल लिहिले आहे. वर जाण्याची वाट इतकी अरुंद होती, की दोन माणसे शेजारून जाऊ शकत नसत. येथे घोड्यांना हरभरे आणि खिचडी खाऊ घालतात, याचेही त्याला नवल वाटले.

जुन्नरला त्याच्यावर एक संकट आले. तेथील सुभेदार असदखान याने त्याचा घोडा ठेवून घेतला. "आमचा धर्म स्वीकारलास तर घोडाही देईन आणि वर हजार सोन्याची नाणीही देईन. नाही तर घोडा जाईल आणि दंडही भरावा लागेल," असे त्याने सांगितले. विचार करायला चार दिवस दिले. निकितिन एकटा होता. त्याच्या ओळखीचे तेथे कोणी नव्हते. इतक्यात खुरासानचा मुहम्मद नावाचा एक गृहस्थ गावात आला. निकितिनने त्याला आपली अडचण सांगितली. तो मुसलमान गृहस्थ खानाकडे गेला. त्याने या ख्रिस्ती परदेशी माणसासाठी रदबदली केली. घोडाही परत मिळाला आणि धर्माची सक्तीही टळली.

त्या खुरासानी गृहस्थाविषयी आपल्याला याहून अधिक माहिती नाही. तरी पाचशेहून अधिक वर्षांनंतरही त्याचे नाव टिकून आहे, ते या एका चांगल्या कृतीमुळे.

निजामशाही आणि हबशी वजीर

मलिक अहमद याने १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून वेगळे होऊन निजामशाही स्थापन केली. तिचा आरंभ जुन्नरला झाला. पुढे १४९४ मध्ये त्याने अहमदनगर वसवले. त्याचे आजचे नाव अहिल्यानगर आहे.

निजामशाहीचा शेवटचा मोठा वजीर म्हणजे मलिक अंबर. तो आफ्रिकेतील हबशाणचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा. लहानपणी त्याला गुलाम म्हणून विकले होते. बगदादवरून तो दख्खनमध्ये आला आणि आपल्या बुद्धीने राज्याचा वजीर झाला. मोगल फौजांशी तो अनेक वर्षे झुंजला. त्याच्या काळात काही वर्षे जुन्नर ही निजामशाहीची राजधानी होती. १६२६ मध्ये तो मरण पावला.

जुन्नरच्या पूर्वेला हापूसबाग भागात मोठ्या घुमटाची एक दगडी इमारत आहे. तिला सौदागर घुमट म्हणतात. 'सौदागर' म्हणजे व्यापारी, हे तुम्हांला सांगायला नकोच. गावाचे जुने वैभव कोणामुळे होते, हे या नावातही दिसते.

शिवनेरी

शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी शिवाजी महाराजांचा जन्म झाला. त्यांचे आजोबा मालोजीराजे भोसले यांचे नाव तुमच्या तालुक्याशी जोडलेले आहे. इंदापूरला त्यांची गढी होती आणि तेथेच लढाईत त्यांना मरण आले, असे सांगतात. नगरच्या शाह शरीफ या अवलियावर मालोजींची श्रद्धा होती. म्हणून त्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरा आहे.

किल्ल्यावर जाताना सात दरवाजे लागतात. वाटेत शिवाई देवीचे देऊळ आहे. डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत. माथ्यावर गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, बदामी तलाव, शिवजन्माची वास्तू आणि ईदगाह आहे. येथील कमानी मशीद पाहण्यासारखी आहे. तिचे दोन मिनार एका उंच कमानीने जोडलेले आहेत. तिच्यासमोर पाण्याचे टाके आहे. एका डोंगरावर लेणी, देऊळ आणि मशीद यांचे दगड एकच आहेत. सर्व काही याच काळ्या खडकातून घडवलेले आहे.

निजामशाही १६३६ मध्ये संपली आणि जुन्नर मोगलांकडे गेले. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी जुन्नरवर छापा घातला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे त्यांनी नेले. जुन्नरची पेठ तेव्हाही किती श्रीमंत होती, हे यावरून कळते.

जुन्नरी कागद

जुन्नरची आणखी एक वस्तू प्रसिद्ध होती, ती म्हणजे हातकागद. हा कागद तयार करणारे कारागीर मुसलमान होते. त्यांना कागदी म्हणत. जुनी गोणपाटे कुटून, चुन्यात भिजवून आणि नदीत धुऊन ते लगदा करीत. चौकटीवर लगद्याचा पातळ थर घेऊन कागद वाळवत आणि गुळगुळीत दगडाने घोटत. मराठ्यांच्या दफ्तरात जुन्नरी कागदाचा उपयोग होत असे. मराठीतील पत्रे आणि हिशोब कागदी कारागिरांच्या हातच्या कागदावर लिहिले गेले. म्हणून तर ते आज आपल्याला वाचता येतात. तुमच्या भिगवणजवळही पुढे यंत्रांचा कागद कारखाना उभा राहिला. एकाच नदीच्या खोऱ्यातील या दोन गावांत कागदाचा असाही धागा आहे.

जुने दगड आणि आपण

मित्रांनो, जुन्नर कोणाचे? सातवाहन राणीचे, यवनांचे, भिक्षूंचे, निजामशाहीचे, शिवरायांचे, की कागद्यांचे? जो त्या वाटेने आला, त्याने तेथे काही ना काही ठेवले. म्हणून ते सर्वांचे आहे आणि तुमचेही आहे. 'हे आपले नाही' असे म्हणून त्यातील एकही दगड सोडता येत नाही.

हे सांगण्याचे एक कारण आहे. आज लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने, खडूने आणि खिळ्याने लिहिलेली नावे दिसतात. इरिलचे नाव दोन हजार वर्षे टिकले, कारण त्याने पाणी दिले. आपले नाव भिंतीवर ओरखडून आपण काय देतो? जुनी अक्षरे तेवढी पुसतो. संरक्षित वास्तूंची अशी खराबी करणे हा कायद्याने गुन्हाही आहे. नाणेघाटातील मूर्ती गेल्या, त्या परत येणार नाहीत. जे उरले आहे, ते सांभाळणे मात्र आपल्या हाती आहे.

शाळेची सहल निघेल तेव्हा जुन्नर अवश्य पाहा. तोपर्यंत एक करा. पळसदेवचे देऊळ, इंदापूरची गढी, गावातील जुनी मशीद, बारव किंवा दर्गा यांपैकी जे जवळ असेल, तेथे जा. घरातील मोठ्या माणसांकडून त्याची माहिती विचारा आणि ती मराठीत लिहून काढा. जुन्नरची ओळख आपल्याला कोरलेल्या आणि लिहिलेल्या अक्षरांमुळे झाली. तुमच्या गावाची ओळख पुढच्या मुलांना तुमच्या अक्षरांमुळे होईल.

स्वाध्याय

१. जुन्नर येथे मोठे नगर वसण्याचे मुख्य कारण कोणते?
२. नाणेघाटातील लेखाला महत्त्व का आहे?
३. इरिल आणि चिट या यवनांनी कोणती दाने दिली?
४. खुरासानी गृहस्थाने निकितिनला कशी मदत केली? तुम्ही त्याच्या जागी असता तर काय केले असते? पाच-सहा वाक्ये लिहा.
५. 'जकात' आणि 'सौदागर' यांसारखे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचा अर्थ बदलला आहे, ते सांगा.